न जाणारे टोक

इंग्रजीच्या वर्गाच्या सूचनाफलकावर दोन याद्या होत्या आणि माझे नाव दुसऱ्या यादीत होते. पहिलीचा मथळा ‘परीक्षार्थी’, खाली वीस नावे. दुसरीचा ‘श्रोते’, खाली तीन. कागद एकच होता आणि त्याच्या चारपैकी तीनच कोपऱ्यांना टाचण्या होत्या, त्यामुळे जिन्यातला वारा आला की चौथा कोपरा उचलला जाऊन नेमकी दुसरी यादी झाकली जाई. मी तो कोपरा बोटाने दाबून धरला आणि पुन्हा वाचले. श्रोत्यांतल्या पहिल्या बाई सातवा महिना लागल्यापासून जिने चढत नव्हत्या. दुसरे गृहस्थ तिसऱ्याच आठवड्यात बदली होऊन गेले होते. तिसरा मी, आजवरच्या चव्वेचाळीस सत्रांपैकी एकही न चुकवलेला. नावासमोर वहीचे गुण होते: शेकडा पन्नास. परीक्षेला बसण्यासाठी साठ लागतात. वाईट वाटण्याआधी मला आश्चर्य वाटले ते त्या आकड्याचे. एकोणपन्नास नाही, एक्कावन्न नाही, पन्नास. सदतीस वर्षे मी कारखान्यात तयार मालाची तपासणी केली. त्या काळात नापास झालेला माल मी पुष्कळ पाहिला, आणि तो नेहमी वेडावाकडा नापास होतो. शंभरात सात, शंभरात एकोणतीस, कधी सगळाच्या सगळा. अपयश इतके नेमके नसते. जिथे बरोबर निम्मा माल बाद ठरतो, तिथे आधी माल पाहू नये, मोजणाऱ्याकडे पाहावे.

“काका, तुम्ही खाली कसे घसरलात?” माझ्या मागून आवाज आला. माझ्याच बाकावर बसणारी परिचारिका होती ती. तिला परदेशातल्या रुग्णालयात नोकरी हवी होती आणि त्यासाठी ही परीक्षा. रात्रपाळी संपवून ती सरळ वर्गात येई आणि तिच्या हातांना जंतुनाशकाचा वास येत असे. “मायक्रोमीटरला श्रोता केला? मग आम्हाला तर भिंतीलाच लावायला पाहिजे.” मायक्रोमीटर हे नाव वर्गाने मला पहिल्या महिन्यातच ठेवले होते, कारण ‘जवळजवळ सारखा’ हा अर्थ मी शब्दकोशातून स्वीकारत नसे. किती जवळ, असे विचारत असे. “मॅडमशी बोला ना,” ती म्हणाली, “त्या चांगल्या आहेत. रडलात तर ऐकतीलसुद्धा.” “मी रडत नाही,” मी म्हणालो. “अहो, खोटं खोटं. आमच्याकडे इंजेक्शन टाळायला पेशंट काय काय करतात.” ती हसली. मी हसलो नाही. मी सहसा दुसऱ्याच्या हसण्यात हसत नाही; ही सवय जन्मजात नाही, ती मला एका विशिष्ट दिवशी लागली. त्या दिवसाकडे मी यायचे टाळत होतो. पण इंग्रजीच्या वर्गात मी ज्या कारणासाठी नाव घातले, ते कारण त्या दिवसातच होते, आणि यादीचा उडणारा कोपरा बोटाखाली धरून उभा असताना ते बोटाला जाणवत होते, पत्र्याची बारीक कड जाणवावी तसे.

माझी वही परत मिळाली तेव्हा ती मी खिडकीपाशी नेऊन उघडली. एकशे चार शब्द, दोनशे आठ वाक्ये. पहिल्या वाक्याला बरोबरची खूण, दुसऱ्याला तांबडी फुली. तिसऱ्याला खूण, चौथ्याला फुली. असे शेवटपर्यंत. मॅडमनी चाळीस पाने तपासली होती आणि त्यांच्या हाताने चाळीस पाने खूण-फुली, खूण-फुली असा ठेका धरला होता, पण हाताचा ठेका डोळ्यांना कळला नव्हता. मी त्यांना दोष देत नाही. त्यांना तीन वर्ग होते आणि वह्या त्या बसमध्ये, मांडीवर ठेवून तपासत. काही फुल्यांचे पाय खड्ड्यांमुळे लांबले होते. चूक माझी होती, आणि ती माझ्यासारख्याच माणसाकडून होऊ शकते. सम क्रमांकाची वाक्ये मी मुद्दाम चुकीची लिहिली होती. तसे मी नमूदही केले होते: पहिल्या पानावर, उजव्या हाताला खालच्या कोपऱ्यात, चौकट आखून, तीन मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, ‘टीप: विषम क्रमांकाची वाक्ये जाणारी. सम क्रमांकाची वाक्ये न जाणारी.’ तंत्रनिकेतनात पहिल्या वर्षी जो आराखडा वाचायला शिकतो तो कागद हातात आल्याबरोबर आधी उजवा खालचा कोपरा पाहतो. मापे नंतर, चित्र त्याहून नंतर. टीप न वाचता आराखड्याला हात घालणारा माणूस जगात असू शकतो, ही शक्यताच मी गृहीत धरली नव्हती. जग आराखडा वाचत नाही, हे मला सदुसष्टाव्या वर्षी, एका वहीवरून कळावे!

जाणारे आणि न जाणारे हे शब्द कार्यशाळेतले. तंत्रनिकेतनाच्या लांबलचक शेडमध्ये, जिथे सकाळीही दिवे लावावे लागत आणि यंत्रांच्या तेलाचा वास कपड्यांना घरापर्यंत सोबत करी, तिथे कार्यशाळेच्या मास्तरांनी माझ्या तळहातावर पहिल्यांदा गेज ठेवला. वीतभर लांबीची पोलादी मूठ आणि तिच्या दोन टोकांना दोन दंडगोल. एक किंचित बारीक, एक किंचित जाड. फरक डोळ्यांना दिसत नाही. छिद्र योग्य मापाचे असेल तर बारीक टोक आत गेले पाहिजे आणि जाड टोक जाता कामा नये. पहिले गेले नाही तर छिद्र लहान, दुसरे गेले तर छिद्र मोठे. “जाणारं टोक सगळ्यांनाच आवडतं,” मास्तर म्हणाले होते, “गेलं की बरं वाटतं. पण तुला कामावर ठेवतील ते न जाणाऱ्या टोकासाठी. जायला नको ते आत गेलं म्हणून सांगायला माणूस लागतो.” मास्तरांच्या उजव्या हाताला चारच बोटे होती आणि ते वाक्य बोलताना त्यांनी नसलेल्या बोटाच्या जागी गेज धरला होता. इंग्रजी शब्द शिकायला बसलो तेव्हा मला दुसरी पद्धत सुचलीच नाही. एखादा शब्द कुठे बसतो याचे एक वाक्य पाठ केले म्हणजे तो शब्द आला असे वर्गातले सगळे मानत. माझे समाधान होईना. तो कुठे बसत नाही हेही ठाऊक नसेल तर त्याचे माप मला कळले कसे म्हणायचे? म्हणून प्रत्येक शब्दाला दोन वाक्ये. ‘रिलक्टंट’, म्हणजे नाखूश: मुलगी गावी जायला रिलक्टंट होती. जाणारे. दार उघडायला रिलक्टंट होते. न जाणारे, कारण दाराला मन नसते. दोन्ही वाक्ये मी इंग्रजीत लिहीत असे, सावकाश, शब्दकोश उघडा ठेवून, आणि खरे सांगायचे तर दुसऱ्या वाक्याला मला पहिल्याच्या तिप्पट वेळ लागत असे. बरोबर वाक्य पुस्तकात तयार मिळते. चुकीचे वाक्य स्वतः घडवावे लागते, आणि ते फार चुकीचे असूनही चालत नाही. अगदी केसभराने चुकावे लागते, नाहीतर गेज कसला, ती काठी झाली.

“म्हणजे तुम्ही मुद्दाम चुकीचं लिहिलंत?” मॅडम म्हणाल्या. वर्ग सुटला होता, बाके सरकवण्याचा आवाज जिन्यात उतरून गेला होता आणि फळ्यावर त्या दिवसाचा धडा तसाच होता. “शंभर वाक्यं?” “एकशे चार,” मी म्हणालो आणि पहिले पान उघडून कोपरा दाखवला. त्यांनी चष्मा वर सारून ती चौकट वाचली. मग त्या हसल्या, कुत्सितपणे नाही. माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही त्या वयाने लहान असतील आणि दमलेला माणूस हसतो तशा हसल्या. “अहो आजोबा, इतक्या बारीक अक्षरात तर औषधाच्या बाटलीवरसुद्धा लिहीत नाहीत.” “आजोबा म्हणू नका,” मी म्हणालो, “काका चालेल.” “बरं, काका. आता असं करा, वही नवीन उतरवून आणा. नुसती बरोबर वाक्यं. गुरुवारपर्यंत. मी तपासते, गुण बदलते, संपलं.” मी मान हलवली. तपासणीची नोंद पुन्हा स्वच्छ करून लिहायची नसते. ज्या दिवशी जे सापडले ते त्या पानावर, त्या शाईत राहिले पाहिजे. बाद निघालेले वगळून उतरवलेली नोंदवही म्हणजे खोटी नोंदवही. हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी घड्याळ पाहिले. मग वही पुन्हा पुढे ओढली, पाने उलटली आणि एकाएकी थांबल्या. “थांबा. हे बघा. दार रिलक्टंट होतं. हे चूक कुठे आहे? ही चेतनगुणोक्ती झाली! आपण मागच्याच महिन्यात केली नाही का? आणि हे, ‘घड्याळ भुकेलं आहे’. हे रूपक म्हणून चालेल. हे… ही अतिशयोक्ती.” त्यांचा तांबडा पेन आता उलट्या दिशेने धावू लागला. फुलीवर बारीक वर्तुळ काढत त्या मोजत गेल्या. “बावीस! बावीस वाक्यं अलंकार म्हणून बसतात, काका. एकशे चार आणि बावीस, एकशे सव्वीस. दोनशे आठात… साठ टक्क्यांच्या वर जाताय तुम्ही. घ्या. झालात परीक्षार्थी.” त्यांचा चेहरा उजळला होता. एखाद्याला अडचणीतून वाट काढून दिल्याचा आनंद त्यात होता, आणि तो खरा होता. मी त्या बावीस वर्तुळांकडे पाहिले आणि माझ्या कानात पंपाचा आवाज सुरू झाला.

त्या आवाजाविषयी सांगितले पाहिजे. आमच्या इमारतीच्या तळाशी पाण्याचा पंप आहे. रोज सकाळी सहाला तो सुरू होतो आणि त्याच्या घरघरीच्या आत, नीट कान दिला तर, एक बारीक ठोका ऐकू येतो, दांड्याभोवतीची धातूची कडी, म्हणजे बुश, सैल असली की दांडा फिरताना येतो तसा. सौभाग्यवती म्हणते तिला तो ऐकू येत नाही. मला तो कुठल्याही पंपात ऐकू येतो. रुग्णालयाच्या मागल्या अंगणात, बागेतल्या कारंज्यापाशी, एकदा तर परगावच्या मुक्कामात भिंतीपलीकडून. एकतीस वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर पंपांच्या बुशची तुकडी आली होती, तीनशे चाळीस नग. गेजचे न जाणारे टोक त्यांत जात होते. सगळ्यांत नाही, पण पहिल्या वीसपैकी चौदांत ते सहज, जराही न अडता, लोणी कापल्यासारखे आत उतरले. मी तुकडी बाजूला काढली आणि बाद मालावर ठिपके द्यायचा तांबड्या रंगाचा डबा उघडला. तेवढ्यात मोठे साहेब विभागप्रमुखांना घेऊन आले. साहेब नवीन होते, इंग्रजीच बोलत. त्यांनी माझ्या हातातला गेज घेतला, दोनदा टोक आत-बाहेर केले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे एक वाक्य बोलले. मोठे वाक्य होते. मध्ये एकदा थांबून, शेवटी वर चढणारे. विभागप्रमुख हसले. शेजारच्या टेबलावरचा कारागीर हसला, ज्याला माझ्याइतकेच इंग्रजी येत होते. आणि मी हसलो. साहेबांनी पास मालाच्या हिरव्या रंगाचा डबा माझ्याकडे सरकवला. मी तीनशे चाळीस नगांवर हिरवे ठिपके लावले. दुपार त्यात गेली. ठिपके गोल आणि सारखे होते. ते नग कुठे गेले, कोणत्या पंपात बसले, त्या पंपांनी कुठे पाणी चढवले, कुठे ते अर्ध्यात बंद पडले, याची मला काहीही माहिती नाही. काही वाईट घडल्याचे ऐकले नाही. कोणी मला सांगायला येणारही नव्हते. साहेबांच्या वाक्यातला एकही शब्द मला आठवत नाही, फक्त त्याची चाल आठवते, वर चढणारा शेवट आणि मग हशा. निवृत्तीनंतर मी इंग्रजी शिकायला लागलो त्याचे कारण मी स्वतःला असे सांगितले होते की असे वाक्य पुन्हा कोणी माझ्यासमोर बोलले तर ते मला कळले पाहिजे. कळले असते तर मी हसलो नसतो. ही माझी इतक्या वर्षांची समजूत होती आणि ती माझ्या फार उपयोगी पडली.

“नको,” मी मॅडमना म्हणालो. “काय नको?” “हे बावीस. ही वाक्ये मी बसत नाहीत म्हणून लिहिली. लिहिणाऱ्याला ठाऊक असून त्याने हौसेने बसवले तर तो अलंकार. मी हौसेने बसवलेले नाही. आता गुण कमी पडतात म्हणून त्यांना अलंकार म्हणायचे, हे मला चालणार नाही.” मॅडमनी पेनाला टोपण लावले. “काका, तुम्हाला परीक्षेला बसायचंय की नाही?” “बसायचे आहे.” “मग मी काय करू सांगा. नियम मी केलेला नाही. वहीचे साठ टक्के पाहिजेत. एक वाट दिली, ती नको. दुसरी दिली, तीही नको.” “तुम्ही माझी चाचणी घ्या. कोणताही शब्द विचारा. कुठे जातो तेही सांगतो आणि कुठे जात नाही तेही.” “आणि वीस जणांची घ्यायची का तशी? प्रत्येकाची वेगळी?” त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “हे बघा, मी तुम्हाला मदतच करतेय. सगळे घेतात हो अशी मदत.” सगळे घेतात, हे खरे होते. त्या वाक्याची चालही मला ओळखीची वाटली. मी वही उचलली आणि म्हणालो, “मग नाव श्रोत्यांतच राहू द्या.” जिना उतरताना माझे गुडघे दुखत होते आणि मला विलक्षण हलके वाटत होते, आणि त्या हलकेपणाचा मला संशय येत होता.

सौभाग्यवती स्वयंपाकघरात मटार सोलत होती. मी समोर बसलो आणि चार शेंगा उचलल्या. “लागला निकाल?” तिने विचारले. मी सांगितले. बावीस वाक्यांचेही सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “हट्टी माणसाला इंग्रजीत काय म्हणतात?” “ऑबस्टिनेट.” “मग तुमच्या त्या जाणाऱ्या टोकात स्वतःचं नाव लिहा. झक्कास बसेल.” मी हसलो नाही म्हणून तिने वर पाहिले. “अहो, सदुसष्टाव्या वर्षी कोण विचारणार आहे तुम्हाला इंग्रजी? मुलीच्या वयाची आहे ती मॅडम. देत होती तर घ्यायचे होते बावीस मार्क. कोणाचं काय बिघडलं असतं?” कोणाचे काय बिघडले असते, हा प्रश्न तिने सहज विचारला, शेंगेच्या दोऱ्यासारखा ओढून बाजूला टाकला. आणि एकतीस वर्षांत जी दुपार मी तिला सांगितली नव्हती, ती सांगितली. तीनशे चाळीस नग, साहेबांचे वाक्य, हशा, हिरवा डबा. ती सोलायची थांबली नाही. दाणे टपटप भांड्यात पडत राहिले. “त्या वेळी मला इंग्रजी येत असते तर,” मी म्हणालो, “मी हसलो नसतो. काय बोलले ते मला कळलेच नाही.” “हसलात ना?” ती म्हणाली. “हसलो. पण शब्द—” “न कळता कोणी हसत नाही, अहो. तुम्हाला शब्द कळले नव्हते. बेत कळला होता.” तिने हे रागाने म्हटले नाही. शेंग किडकी निघाली हे जसे म्हणावे तसे म्हटले आणि पुढची शेंग घेतली. माझ्या हातातल्या शेंगेतले दाणे मी मोजले, सात. पुन्हा मोजले, सात. मागच्या आठवड्यात मॅडमनी उपरोध शिकवला होता. बोलायचे एक, सुचवायचे दुसरे. आणि ऐकणाऱ्याला ते दुसरे कळावे लागते, त्या म्हणाल्या होत्या, कळले की तो हसतो, तेव्हाच उपरोध पूर्ण होतो. ते मी वहीत उतरवून घेतले होते, तारखेसह. उतरवताना माझ्या मानेवर घाम आला होता आणि पंखा बंद आहे असे कारण मी स्वतःला दिले होते. पंखा चालू होता.

त्या आठवड्यात मी आणखी तीन सत्रांना गेलो. श्रोत्याच्या जागी बसलो, म्हणजे त्याच बाकावर. परिचारिकेला पन्नास शब्दांची उजळणी करून दिली. तिला ‘ऑब्लाइज’ कुठे जात नाही हे कळेपर्यंत सोडले नाही. “काका, तुम्ही परीक्षेला नाही आणि छळ माझा,” ती म्हणाली. वर्गाच्या प्रवेशपत्राच्या मागे नियम छापलेले होते, ते मी वाचून काढले. नियम नववा: श्रोत्यांस सर्व सत्रांस उपस्थित राहण्याची मुभा राहील. वेळापत्रकात शेवटची ओळ होती: सत्र अठ्ठेचाळीस, परीक्षा. मी दोन्ही ओळींखाली पट्टीने रेघ मारली. मग बाजारात जाऊन तांबड्या शाईचा पेन विकत घेतला. वर्गात तांबडी शाई फक्त मॅडमनी वापरायची असा दंडक होता, म्हणूनच माझी न जाणारी वाक्ये इतके महिने निळ्या शाईत दडून बसली होती.

रविवारी सकाळी वर्गाच्या दारात मॅडम उभ्या होत्या. “काका, आज परीक्षा आहे.” “सत्र अठ्ठेचाळीस,” मी म्हणालो आणि वेळापत्रक पुढे केले, मग प्रवेशपत्र उलटे करून नियम नववा दाखवला. त्यांनी दोन्ही वाचले. या खेपेला अगदी खालच्या कोपऱ्यापर्यंत. “उत्तरपत्रिका मिळणार नाही तुम्हाला.” “कागद माझा आहे.” “तपासलं जाणार नाही.” “ते मी करेन.” मागे रांगेत उभ्या असलेल्या परिचारिकेने हलकेच म्हटले, “मॅडम, बसू द्या हो, नाहीतर जिन्यात बसतील आणि आम्हाला पायऱ्या मोजायला लावतील.” मॅडम बाजूला झाल्या. मी माझ्या बाकावर बसलो. वीस पेन एकदम चालू लागले आणि त्यांची खरखर खोलीभर पसरली, पानांवर पाऊल टाकणाऱ्या पुष्कळ पाखरांसारखी. ही उपमा मला सुचली आणि मी ती कुठेही लिहिली नाही. थोड्या वेळाने मॅडम रांगांमधून फिरत आल्या आणि माझ्याकडे न पाहता एक जादा प्रश्नपत्रिका बाकावर ठेवून पुढे गेल्या. शब्द सोपे होते. वाक्प्रचार ठीक होते. अलंकार ओळखा, दहापैकी दहा मी ओळखले. शेवटचा प्रश्न: आपल्या आयुष्यातील एक प्रसंग किमान तीन अलंकार वापरून लिहा. मी वहीचे नवे पान काढले, मधोमध उभी रेघ ओढली, डाव्या हाताला निळा पेन ठेवला, उजव्या हाताला तांबडा.

डावीकडे मी लिहीत गेलो. इंग्रजीत, लहान वाक्यांत, प्रत्येक वाक्य स्वतः घडवून. तीनशे चाळीस बुश होते. गेज आत गेला. तो आत जायला नको होता. साहेब बोलले. सगळे हसले. मी हसलो. मी तीनशे चाळीस ठिपके लावले. अलंकार एकही नाही; एक-दोनदा ते शब्दांच्या आसपास घोटाळले, रंगाचा डबा डोळ्यांसमोर बोलू पाहत होता, हशा काहीतरी होऊ पाहत होता, मी त्यांना आत येऊ दिले नाही. प्रश्नात तीन मागितले होते. प्रश्नाला काय हवे ते देण्यासाठी मी आलो नव्हतो. मग मी निळा पेन खाली ठेवला आणि तांबडा उचलला. उजवा रकाना मोकळा होता. एकशे चार शब्दांसाठी मी एकशे चार न जाणारी वाक्ये घडवली होती, आणि प्रत्येकात केसभर चूक शोधून बसवली होती. या वेळी मला काहीच घडवावे लागले नाही. वाक्य तयार होते. एकतीस वर्षे मी ते रोज, पंप सुरू झाला की, वापरत आलो होतो. इंग्रजीत ते अगदी सुरेख उतरले. कर्ता जागेवर, क्रियापद जागेवर, अव्यय जागेवर, शेवटी पूर्णविराम. मी ते दोनदा वाचले. मराठीत ते असे होते: मला समजले नाही, म्हणून माझा दोष नाही.

घंटा झाली. मॅडम उत्तरपत्रिका गोळा करत माझ्या बाकापाशी आल्या आणि थांबल्या. मी न विचारताच वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी डावा रकाना उभ्यानेच वाचला. मधेच त्यांचे ओठ किंचित हलले, ठिपक्यांपाशी. मग त्या उजवीकडे वळल्या आणि सवयीने त्यांचा हात स्वतःच्या तांबड्या पेनाकडे गेला. पेन वाक्यावर आडवा फिरला, शब्दाशब्दावर थबकत, पुन्हा पहिल्या शब्दाकडे आला. परिचारिका आपली पिशवी भरायची थांबली होती. “काका,” मॅडम म्हणाल्या, “हे तर बरोबर आहे. यात चूक कुठे आहे?”

“चूक नाही, मॅडम,” मी म्हणालो. “बसत नाही.”

त्यांनी पेन खाली ठेवला. मी वही मिटली आणि उठलो.